घाटावरचें पाणी आणि मुंबईची वीज

वारा, ऊन आणि पाणी यांच्यापासून वीज काढण्याच्या उद्योगाला अलीकडे 'हरित ऊर्जा' हें नांव मिळालें आहे. आणि या कामीं सरकार व उद्योगपति यांनीं हातांत हात घालून चालावें, हें राष्ट्रीय धोरणाचें एक मुख्य सूत्र होऊन बसलें आहे. नांव नवें असलें तरी गोष्ट जुनी आहे. कोळसा न जाळतां मोठ्या प्रमाणावर वीज निर्माण करावी, तिच्यासाठीं भांडवल धनिकांनीं घालावें व अधिकार सरकारनें पुरवावा, आणि तिच्यावर एका मोठ्या शहराचे उद्योग चालवावे, असा प्रयोग शंभर वर्षांहूनहि अधिक काळापूर्वीं सह्याद्रीच्या माथ्यावर झाला. त्या प्रयोगाला मोठें यश आलें. त्याचबरोबर, दोन बलवान् पक्षांचा करार ज्या तिसऱ्याच्या भूमीवर उभा राहतो त्याची काय गत होते, हेंहि त्याच डोंगरांत दिसून आलें. आजच्या धोरणाचें मोल ठरवितांना हा इतिहास दोन्ही अंगांनीं पाहणें अवश्य आहे.

इ. स. १८५४ मध्यें कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीचा उपक्रम केला. पुढील अर्धशतकांत या एका गिरणीचें गिरणगांव झालें. १९१० च्या सुमारास शहरांत ऐंशींहून अधिक गिरण्या चालू होत्या. या साऱ्या गिरण्यांचा प्राण कोळशांत होता, आणि कोळसा तर मुंबईच्या आसपास कोठेंच सांपडत नाहीं. तो दूरच्या बंगालच्या खाणींतून आणावा लागे. मालापेक्षां वाहतुकीचें ओझें जड, अशी अवस्था होती. शिवाय गिरण्यांच्या धुराड्यांतून दिवसरात्र बाहेर पडणारा काळा धूर शहरावर पसरे तो वेगळाच. या धुराचा त्रास इतका वाढला कीं १९१२ सालीं मुंबई सरकारला धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदाच करावा लागला. स्वच्छ विजेची निकड ही आजच्या पिढीलाच जाणवली असें नाहीं. परळ-लालबागच्या चाळींतून राहणाऱ्यांना ती तेव्हांहि जाणवत होती.

याच मुंबईपासून फार दूर नाहीं अशा ठिकाणीं दर पावसाळ्यांत अपार शक्ति वायां जात होती. लोणावळ्याच्या परिसरांत वर्षाला दीडशें इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथील नद्या उगम पावतात त्या घाटाच्या अगदीं कडेला. परंतु कोंकणांत न उतरतां त्या पूर्वेकडे वळतात आणि भीमा-कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरास जाऊन मिळतात. हें पाणी माथ्यावर अडवून पोलादी नळांतून पश्चिमेच्या पायथ्याशीं सोडलें, तर सुमारें ५०० मीटर उंचीवरून येणाऱ्या त्या धारेच्या जोरानें चक्रें फिरतील आणि चक्रांबरोबर विजेचीं यंत्रें फिरतील, ही कल्पना तशी साधी होती. अडचण एवढीच कीं पाऊस चार महिन्यांचा आणि गिरण्या बारा महिन्यांच्या. म्हणून तलाव हवे. तलावांसाठीं खोरीं हवीं. आणि त्या खोऱ्यांत तर माणसें राहत होतीं.

मुंबईंतील स्थापत्यविशारद डेव्हिड गॉसलिंग यांनीं ही कल्पना जमशेटजी टाटांच्या मनांत भरविली. जमशेटजी स्वतः गिरणीमालक असल्यामुळें कोळशाचा जाच त्यांना चांगला ठाऊक होता. पोलादाचा कारखाना, विज्ञानाची उच्च संस्था आणि ही जलविद्युत् या योजनांचा ध्यास त्यांनीं अखेरपर्यंत धरला. परंतु १९०४ सालीं ते निवर्तले तेव्हां यांपैकीं एकहि पुरी झालेली नव्हती. त्यांचे चिरंजीव सर दोराबजी यांनीं वडिलांचें हें काम पुढें चालविलें. ७ नोव्हेंबर १९१० रोजीं टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. भांडवलासाठीं प्रथम लंडनच्या बाजाराकडे पाहण्यांत आलें होतें, पण तेथील अटी मानवण्यासारख्या नव्हत्या. अखेर देशांतल्या लोकांनींच, आणि त्यांत कित्येक संस्थानिकांनींहि, कंपनीचे भाग घेतले. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या त्या दिवसांत ही गोष्ट लोकांना अभिमानाची वाटली यांत नवल नाहीं.

मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क हे लष्कराच्या इंजिनियर दलांतून आलेले असल्यामुळें योजनेचें मर्म त्यांच्या तेव्हांच ध्यानांत आलें. ८ फेब्रुवारी १९११ रोजीं वळवणच्या धरणाची कोनशिला त्यांच्याच हस्तें बसली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा असे तीन तलाव तयार झाले, आणि १९१५ सालीं पुढचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या कारकीर्दींत खोपोलीच्या वीजगृहांतून वीज निघून सुमारें ७० किलोमीटरांवरील मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोंचली.

या सहकार्याची घडण लक्षांत घेण्यासारखी आहे, कारण थोड्याफार फरकानें तीच आजवर चालत आली आहे. त्यांत तीन पक्षांनीं तीन गोष्टी आणिल्या. कंपनीनें भांडवल व तज्ज्ञ आणिले आणि तोट्याची जोखीम पत्करली. गिरणीमालकांनीं वीज घेण्याचे करार अगोदरच करून दिले, म्हणून भांडवल घालणाऱ्यांना धीर आला. सरकारनें दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे विजेच्या कायद्याखालचा परवाना. दुसरी म्हणजे १८९४ च्या भूसंपादन कायद्याची सत्ता. या कायद्याच्या सातव्या भागांत कंपन्यांसाठीं जमीन घेण्याची तरतूद होती. काम लोकोपयोगी आहे अशी सरकारची खात्री झाली आणि कंपनीनें सरकारशीं करार केला, म्हणजे मालकाची इच्छा असो वा नसो, त्याची जमीन बाजारभाव व सक्तीबद्दल वर १५ टक्के रक्कम देऊन घेतां येत असे. करार सरकार आणि कंपनी यांच्यामध्यें होई. ज्याची जमीन जावयाची त्याची सही त्या कागदावर कोठेंच लागत नसे.

प्रारंभीच्या यशानें उद्योग वाढला. आंध्रा नदीच्या खोऱ्यासाठीं दुसरी कंपनी निघाली आणि १९२२ सालीं भिवपुरीचें वीजगृह चालू झालें. मुंबईंतील व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेवर धांवणारी पहिली आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं निघाली, आणि १९२८ च्या आरंभीं कुलाबा-बोरिवली मार्गावरहि विजेच्या गाड्या धांवूं लागल्या. शहरांतील चाकरमान्याला वेळेवर कामावर नेणाऱ्या या गाड्यांतहि घाटावरच्या पावसाचा वाटा होता. वीज काढून झाल्यावर पाणीहि फुकट गेलें नाहीं. खोपोलीचें पाणी पाताळगंगेला, भिवपुरीचें उल्हास नदीला मिळालें, आणि कोंकणांतल्या शेतांना, गांवांना व पुढें कारखान्यांना तें उपयोगी पडलें.

हीच गोष्ट दुसऱ्या पद्धतीनेंहि करतां येते, हें याच्या आधींच म्हैसूर संस्थानानें दाखविलें होतें. तेथें दिवाण शेषाद्रि अय्यर यांच्या पुरस्कारानें कावेरीच्या शिवसमुद्रम् धबधब्यावर खुद्द संस्थानानेंच वीजगृह बांधलें, आणि १९०२ सालापासून सुमारें १४७ किलोमीटरांवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज विकण्यास सुरुवात केली. म्हैसुरांत सरकार उत्पादक आणि व्यापारी ग्राहक होता. मुंबईंत व्यापारी उत्पादक आणि सरकार पाठिराखा होतें. दोन्ही ठिकाणीं चाकें फिरलीं. परंतु पाठिराखा आणि न्यायाधीश या दोन भूमिका एकाच सरकारकडे आल्या म्हणजे कसा पेंच पडतो, तें पाहण्यास मुळशीस गेलें पाहिजे.

१९१९ सालीं टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली, आणि तिनें मुळा व नीला या नद्यांच्या संगमाजवळ मुळशी येथें धरण बांधावयाचें ठरविलें. या धरणाखालीं मुळशी पेट्यांतील सुमारें पन्नास गांवांच्या जमिनी जाणार होत्या. हा मावळ भाताचा; तेथल्या आंबेमोहोराची कीर्ति दूरवर होती. पिढ्यान् पिढ्या त्याच खाचरांत राबलेल्या मावळ्यांना ही बातमी कळली ती कोणीं विचारविनिमयास बोलावल्यामुळें नव्हे. भूसंपादनाचें काम पुरें होण्यापूर्वींच कंपनीचीं माणसें येऊन शेतांतून चर खणूं लागलीं, आणि त्या खणत्या कुदळींनीं त्यांना ती सांगितली.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशीं मावळे आणि पुण्याहून आलेले कार्यकर्ते कामाच्या जागेवर जाऊन बसले व काम बंद पडलें. 'जान किंवा जमीन' ही त्या लढ्याची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापति' ही पदवी लोकांनीं दिली ती याच लढ्यांत. त्यांच्याबरोबर विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आदि मंडळी होती, आणि मावळांतल्या स्त्रियाहि मागें राहिल्या नाहींत. लढ्याच्या जोरामुळें कांहीं महिने काम थांबलें. पुढें तें पुन्हा चालू झालें तेव्हां सत्याग्रहहि पुन्हा सुरू झाला, आणि शेंकडों लोक तुरुंगांत गेले.

या लढ्यांतली खरी अडचण अशी होती कीं समोरचा पक्ष परका नव्हता. टाटा हे स्वदेशी उद्योगाचे अग्रणी होते. विलायती कापडाशीं टक्कर देणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांना स्वस्त वीज मिळणें हें राष्ट्राच्या हिताचेंच होतें. देशभक्तांमध्यें म्हणूनच दोन तट पडले. एकाला धरणांत राष्ट्राची उन्नति दिसे, दुसऱ्याला मावळ्याच्या घरावर फिरणारा नांगर दिसे; आणि दोघेहि आपापल्या परीनें खरेंच बोलत होते. गांधीजींनीं १९२१ सालीं 'यंग इंडिया' पत्रांतून टाटांना असें सुचविलें कीं त्यांनीं कायद्यानें मिळालेल्या हक्कावर अडून न बसतां लोकांशींच बोलून मार्ग काढावा. मुळशीच्या प्रश्नाची गुरुकिल्ली या सूचनेंत होती, पण ती कुलपास लागली नाहीं.

लढ्याला आंतूनहि फूट पडली. मावळांतल्या पुष्कळ जमिनी गहाण-खतांनीं पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. सावकाराच्या दृष्टीनें जमीन म्हणजे रकमेचें तारण. भरपाईचा आंकडा वाढला तेव्हां त्याचें समाधान झालें. कुळाला मात्र जमीन म्हणजे पोट आणि गांव, आणि त्याचा मोबदला कोणत्याच तक्त्यांत मांडलेला नव्हता. डिसेंबर १९२४ मध्यें सेनापति बापटांनीं अहिंसेची मर्यादा ओलांडून, हत्यारें बरोबर घेऊन व रुळांवर दगड रचून धरणाच्या कामावरील आगगाडी अडविली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. १९२७ सालीं भिरा येथील वीजगृह सुरू झालें. दोघांचें भांडण आणि तिसऱ्याचा लाभ अशी म्हण आहे. मुळशींत दोघांच्या मैत्रींत तिसऱ्याचें घर बुडालें. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मुळशीच्या सत्याग्रहाला जगांतील पहिलें धरणविरोधी आंदोलन म्हटलें आहे.

स्वातंत्र्यानंतर नीति पालटली. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यानें राज्योराज्यीं वीजमंडळांची वाट मोकळी केली, आणि १९५६ च्या औद्योगिक धोरणांत वीजनिर्मिति हें सरकारचें क्षेत्र ठरलें. ज्या कोयनेच्या पाण्याची पाहणी पूर्वीं टाटांकडूनहि झाली होती तेथें सरकारनें स्वतः धरण बांधलें, आणि १९६२ सालीं तिची वीज वाहूं लागली. यंत्रणा बदलली तरी १८९४ चा कायदा कायम होता. १९८४ सालीं सक्तीबद्दलची रक्कम १५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेली एवढेंच.

सूर्य व वारा यांचा शासकीय विचार पेट्रोलच्या महागाईनंतर सुरू झाला. १९८२ सालीं केंद्र सरकारनें अपारंपरिक ऊर्जेसाठीं स्वतंत्र विभाग काढला, १९८७ सालीं अशा उद्योगांना कर्ज देणारी संस्था निघाली, आणि १९९२ सालीं विभागाचें मंत्रालय झालें. १९९१ नंतर वीजनिर्मितीचीं दारें खाजगी भांडवलाला पुन्हा उघडलीं. साताऱ्याच्या पठारावर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांमागें वाऱ्याइतकाच करसवलतीचाहि जोर होता. तथापि याच काळांत दाभोळच्या वायुविजेच्या प्रकल्पानें एक कडू धडाहि दिला. स्पर्धेच्या निविदा न मागवितां १९९२ पासून झालेल्या वाटाघाटींतून महाग विजेचा करार महाराष्ट्राच्या गळ्यांत पडला, आणि २००१ सालीं तो कारखाना बंद पडला. सरकार व उद्योग यांची मैत्री बंद खोलींत झाली तर बिल अखेर जनतेला भरावें लागतें, हें त्यावरून कळलें.

तो धडा सौर विजेच्या वेळीं कांहीं अंशीं उपयोगी पडला. २००३ च्या वीज कायद्यानें वीज वितरकांवर ठराविक हिस्सा नव्या स्रोतांतून घेण्याचें बंधन घालण्याची तरतूद केली. ११ जानेवारी २०१० रोजीं राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालें. २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅट हें त्याचें पहिलें उद्दिष्ट होतें. २०१५ सालीं तें पांचपट वाढवून १,००,००० मेगावॅट करण्यांत आलें. पद्धति जुनीच, पण उघड्यावर आणलेली. सरकारनें पंचवीस वर्षें वीज घेण्याची हमी द्यावयाची आणि जो सर्वांत कमी दर सांगेल त्याला काम द्यावयाचें. १९१५ सालीं गिरणीमालकांच्या करारांनीं जो धीर दिला, तोच येथें सरकारी हमीनें दिला. परिणाम आश्चर्यकारक झाला. डिसेंबर २०१० च्या लिलावांत युनिटला १० रुपये ९५ पैसे हा सर्वांत कमी दर होता. मे २०१७ मध्यें राजस्थानांतील भडला येथें तो २ रुपये ४४ पैशांवर उतरला. यंत्रांची जगभरची स्वस्ताई यामागें होतीच, पण खुल्या स्पर्धेचाहि वांटा होता. मुदत टळली, तरी जानेवारी २०२५ अखेर देशाची सौरशक्ति १,००,००० मेगावॅटवर गेली.

स्वस्त झाली ती वीज. जमीन मात्र अधिकच लागूं लागली. सूर्यप्रकाश पसरलेला असतो, म्हणून तो गोळा करण्यास विस्तीर्ण माळ लागतो, आणि माळ म्हटला तरी तो कोणाच्या तरी गुरांचें कुरण असतोच. या बाबतींत कर्नाटकांतील पावगड येथें एक निराळा मार्ग निघाला. तुमकूर जिल्ह्यांतील तो अवर्षणी तालुका. तेथें २,०५० मेगावॅटच्या सौर उद्यानासाठीं सुमारें १३,००० एकर जमीन लागली. ती संपादन न करतां शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या भाड्यानें घेण्यांत आली. भाडें एकरीं सालीना २१,००० रुपये, आणि दर दोन वर्षांनीं त्यांत ५ टक्के वाढ. मालकी शेतकऱ्याचीच राहिली. मुळशीच्या मावळ्याला जें स्वप्नांतहि मिळालें नसतें तें येथें करारानें मिळालें. तरी पण चित्र सर्वस्वीं उजळ नाहीं. भाडें सात-बारासारख्या उताऱ्यावर ज्याचें नांव त्याला मिळतें. दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करणाराला, शेळ्या-मेंढ्या चारणाराला तें मिळत नाहीं. त्याचें काम मात्र जातें. मुळशींत सावकार आणि कूळ यांच्यामध्यें जी रेषा पडली होती, तीच येथें मालक आणि मजूर यांच्यामध्यें दिसते.

कायद्यानेंहि या काळांत मोठें पाऊल टाकलें. १८९४ चा कायदा रद्द होऊन १ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा नवा भूसंपादन कायदा अमलांत आला. सक्तीबद्दलची रक्कम १०० टक्के झाली. खाजगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर ८० टक्के आणि सरकार-खाजगी भागीदारीसाठीं ७० टक्के बाधितांची संमति आवश्यक ठरली. भूमिहीन कुटुंबांचा व परिणामांच्या पाहणीचा विचार त्यांत प्रथमच आला. पुढें कांहीं राज्यांनीं या अटी सैल केल्या हेंहि खरें. परंतु ज्या सहीला शंभर वर्षें कागदावर जागा नव्हती तिला कायद्यानें जागा दिली, याचें श्रेय ज्यांनीं तुरुंग पाहिले त्या मावळ्यांना आणि त्यांच्या मागून ठिकठिकाणीं लढलेल्या धरणग्रस्तांना द्यावें लागेल.

आणि आतां इतिहास पुन्हा त्याच डोंगरांत येऊन थांबला आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकार व टाटा पॉवर यांच्यामध्यें शिरवटा येथें १,८०० आणि भिवपुरी येथें १,००० मेगावॅटचे उदंचन प्रकल्प उभारण्याचा सामंजस्य करार झाला. खर्चाचा अंदाज सुमारें १३,००० कोटि रुपये आहे. सूर्य मावळतो तेव्हांच शहरांत दिवे लागतात, ही सौर विजेची मुख्य उणीव. म्हणून दिवसा वीज मुबलक असतां खालचें पाणी वरच्या तलावांत चढवावयाचें आणि रात्रीं तेंच पाणी सोडून वीज घ्यावयाची, अशी ही योजना आहे. कोळशापासून सुटका करून घेण्यास असे साठे लागणारच, आणि त्यांसाठीं सरकारचा अधिकार व उद्योगाचें भांडवल हीं दोन्ही लागणार, यांत वाद नाहीं.

शिरवट्याचा तलाव शतकाहून जुना आहे आणि आजहि भरतो. धरण टिकलें, यंत्रें टिकलीं, कंपनी टिकली. सामंजस्य हा शब्द करारावर लिहिणें सोपें असतें. तो खरा ठरवावयाचा असेल तर सर्वेक्षणाचा पहिला खुंटा ठोकण्यापूर्वीं खोऱ्यांतल्या गांवकऱ्यांना, उताऱ्यावर नांव नसलेल्या मजुरालाहि, सारा हिशेब त्याच्या भाषेंत समजावून दिला पाहिजे आणि त्याचें उत्तर ऐकून घेतलें पाहिजे. मुळशींत हें काम कुदळीनंतर करण्याचा प्रयत्न झाला. तें कुदळीपूर्वीं करण्याची संधि या खेपेस सरकार आणि उद्योग या दोघांच्याहि हातीं आहे.